कॅप्टन मँटेलचा मृत्यू : एका लष्करी चौकशीची हकिकत

उडत्या तबकड्यांचा विषय इतिहासाच्या अभ्यासकाने हाती घ्यावा की नाही, याबद्दल दुमत होण्यासारखे आहे. परग्रहावरचे प्राणी पृथ्वीवर येतात किंवा नाही हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञांचा आहे, आणि तो त्यांच्याकडेच राहिलेला बरा. परंतु एखाद्या बलाढ्य राष्ट्राचे हवाई दल अशा वार्तांची रीतसर चौकशी आरंभते, साक्षी नोंदवून घेते, निष्कर्ष काढते, ते पुन्हा बदलते आणि बावीस वर्षांनी ते खातेच बंद करून टाकते, तेव्हा मागे जो कागदांचा ढीग उरतो तो मात्र निःसंशय इतिहासाचा आहे. त्या ढिगातले एकच प्रकरण आम्ही येथे उलगडणार आहोत. ते आम्ही निवडले याचे कारण त्यात एका माणसाचा जीव गेला; आणि दुसरे असे की, ज्या प्रश्नाचे उत्तर चौकशी करणारे आकाशात शोधत होते ते बहुधा त्यांच्याच सरकारच्या एका कुलूपबंद कपाटात पडलेले होते.

प्रथम काळ ध्यानात घेतला पाहिजे. दुसरे महायुद्ध संपून जेमतेम दोन वर्षे झाली होती. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड नावाच्या एका खाजगी वैमानिकाने वॉशिंग्टन राज्यातील रेनियर पर्वताजवळ नऊ चमकत्या वस्तू अतिवेगाने जाताना पाहिल्याचे सांगितले. पाण्यावरून बशी भिरकावली म्हणजे ती जशी टप्पे घेत जाते तशी त्यांची गती होती, असे त्याचे सांगणे होते. वृत्तपत्रांनी गतीचे वर्णन वस्तूच्या आकाराला चिकटवले आणि ‘उडती बशी’ हा शब्द जगाच्या तोंडी बसला; आपल्याकडे तिची उडती तबकडी झाली. पुढच्या काही आठवड्यांत अशा वार्तांचा पाऊस पडला.

सामान्य जनतेला ही गंमत वाटली तरी हवाई दलाला ती वाटणे शक्य नव्हते. त्यांच्या मनात मंगळ नव्हता, मॉस्को होते. पराभूत जर्मनीतील विमानविद्येचे तज्ज्ञ आणि त्यांचे आराखडे जसे अमेरिकेच्या हाती लागले होते तसेच ते रशियाच्याही हाती लागले होते. त्यांतून रशियाने एखादे अजब विमान तयार केले असेल तर काय, ही शंका कोणत्याही सेनापतीची झोप उडवणारी होती. म्हणून ३० डिसेंबर १९४७ रोजी या वार्तांची पद्धतशीर छाननी करण्याचा हुकूम निघाला. ओहायो राज्यातील डेटन शहराजवळच्या हवाई दलाच्या तळावर हे काम सोपवण्यात आले आणि त्याला ‘प्रोजेक्ट साइन’ हे नाव मिळाले. हुकुमाची शाई वाळते न वाळते तोच, आठव्या दिवशी, मँटेल प्रकरण घडले.

७ जानेवारी १९४८. स्थळ केंटकी राज्यातील फोर्ट नॉक्स येथील गॉडमन विमानतळ. अमेरिकन सरकारच्या सोन्याचा मोठा साठा ज्या फोर्ट नॉक्समध्ये आहे तेच हे ठिकाण. दुपारी एक वाजून गेल्यावर राज्याच्या पोलिसांकडून विचारणा आली की, मेझव्हिल गावाच्या लोकांना आकाशात काही विलक्षण वस्तू दिसते आहे. तुमचे एखादे विमान वर आहे काय? तसे विमान नव्हते. थोड्याच वेळाने ओवेन्सबरो व अर्व्हिंग्टन या गावांहूनही तशाच वार्ता आल्या. वस्तू गोल आहे, अडीचतीनशे फूट व्यासाची असावी आणि पश्चिमेकडे सरकते आहे, असे तेथील लोक म्हणत होते. पावणेदोनच्या सुमारास विमानतळाच्या मनोऱ्यावरील माणसांनाच ती वस्तू दिसली. तळाचे प्रमुख कर्नल हिक्स स्वतः मनोऱ्यावर आले आणि दुर्बीण लावून पाहू लागले. वस्तू पांढरीशुभ्र होती, खालच्या अंगाला अधूनमधून तांबूस दिसे, आणि बराच वेळ जागची हलत नसल्यासारखी वाटे. कोणाला ती पॅराशूटसारखी भासली, कोणाला शंकूसारखी. पुढे काय निघाले हे ठाऊक असल्यावर हे शब्द किती बोलके वाटतात! पण त्या घटकेला ते ऐकून कोणाला काही उमगले नाही.

अडीचनंतर योगायोगाने चार मस्टँग विमाने त्या बाजूला आली. केंटकीच्या राष्ट्रीय रक्षक दलाची ही विमाने जॉर्जियातील मॅरिएटाहून लुईव्हिलकडे निघाली होती. तुकडीचा नायक होता कॅप्टन टॉमस मँटेल, वय अवघे पंचवीस. महायुद्धात त्याने वाहतुकीची विमाने चालवली होती, नॉर्मंडीच्या मोहिमेत भाग घेतला होता आणि त्याला शौर्याचे पदकही मिळाले होते. मनोऱ्यावरून त्याला विचारण्यात आले : इंधन पुरेसे असेल तर जरा ती वस्तू पाहून येता का? चारांपैकी एका विमानाचे इंधन कमी होते, ते सरळ आपल्या मुक्कामाला गेले. उरलेली तीन वर चढू लागली.

येथे एक बारीकसा पण प्राणघातक तपशील आहे. ही विमाने कमी उंचीवरून एका तळाहून दुसऱ्या तळाला पोचवायची होती, म्हणून त्यांत प्राणवायूची व्यवस्था करण्याचे कारण पडले नव्हते. तिघांपैकी एकाच वैमानिकाजवळ प्राणवायूचा मुखवटा होता. तो मँटेल नव्हे. बावीस हजार फुटांच्या आसपास त्याचे दोघे साथीदार थांबले व मागे वळले. आणखी थोडे वर जाऊन पाहतो, पंचवीस हजार फुटांवर दहा मिनिटे पाहून काही जवळीक साधली नाही तर परत फिरतो, अशा अर्थाचे त्याचे सांगणे होते. त्यानंतर त्याचा आवाज कोणी ऐकला नाही. वस्तू धातूची आहे आणि प्रचंड आहे, असे तो म्हणाला, ही गोष्ट पुढे जगभर सांगितली गेली. पण तो नेमके काय बोलला याविषयी मनोऱ्यावरच्या माणसांत एकमत नव्हते.

पंचवीस हजार फुटांवर प्राणवायूवाचून माणसाची शुद्ध कामापुरती तीन ते पाच मिनिटे टिकते. या अवस्थेचा खरा धोका असा की, ती येताना कळत नाही. दम लागत नाही, वेदना होत नाहीत. उलट मनाला एक प्रकारचा खोटा उल्हास वाटतो, आपण सगळे ठीक करीत आहोत अशी खात्री वाटते आणि त्या खात्रीतच माणूस शुद्ध हरपतो. मँटेलचे तसेच झाले असावे. चालक बेशुद्ध, विमान वर चढतच राहिले, मग कलले आणि गरगरत खाली आले. फ्रँकलिन गावाजवळच्या एका शेतात त्याचे तुकडे विखुरले. त्याच्या मनगटावरचे घड्याळ तीन वाजून अठरा मिनिटांनी बंद पडले होते. गॉडमनच्या मनोऱ्यावरून ती वस्तू पावणेचारपर्यंत दिसत होती, मग दिसेनाशी झाली.

अपघाताच्या चौकशीला फारसे कठीण गेले नाही. प्राणवायूच्या अभावी वैमानिक बेशुद्ध झाला, हा तिचा निष्कर्ष आजही मान्य आहे. वृत्तपत्रांत मात्र अफवांना ऊत आला. कोणी म्हणाले, प्रेत सापडलेच नाही. कोणी म्हणाले, त्याच्या देहाची चाळण झाली होती. चौकशीच्या कागदांत यातल्या कशालाही आधार नाही. परंतु लोकांचा मुख्य प्रश्न निराळा होता, आणि तो रास्त होता : मँटेल कशाच्या पाठीमागे गेला होता?

या प्रश्नाचे पहिले सरकारी उत्तर आले ते असे की, तो शुक्र होता. हे उत्तर अगदीच हवेतून काढलेले नव्हते. ओहायो स्टेट विद्यापीठातील खगोलशास्त्राचे प्राध्यापक अ‍ॅलन हायनेक यांना हवाई दलाने सल्लागार नेमले होते. त्यांनी गणित मांडून दाखवले की, त्या दुपारी शुक्र आकाशाच्या जवळजवळ त्याच भागात होता. भर दिवसा शुक्र दिसतो ही गोष्टही खरी आहे. पण तो दिसायला आकाश निर्मळ असावे लागते आणि नेमके कोठे पाहायचे हे आधी ठाऊक असावे लागते. एवढे करून दिसतो तो सुईच्या टोकाएवढा ठिपका. त्या दिवशी हवा धूसर होती, आणि शुक्र त्याच्या तेजाच्या परमावधीपासून पुष्कळ दूर होता. अशा ठिपक्याला तीन गावांचे लोक अडीचतीनशे फुटांची गोल वस्तू म्हणतील, आणि एक कर्नल दुर्बिणीतून त्याची तांबूस किनार पाहील, हे कोणाला पटावे?

ते हवाई दलालाही पुरते पटले नाही. एप्रिल १९४९ मध्ये निघालेल्या प्रसिद्धीपत्रकात असे कबूल करण्यात आले की, वस्तू प्रथम शुक्र मानली गेली होती, पण अधिक तपासात तिची व शुक्राची आकाशातील स्थाने वेळोवेळी जुळत नाहीत असे आढळले. सबब वस्तू अद्याप अनोळखी आहे. एखाद्या सरकारी खात्याने इतक्या सरळपणे आपले अज्ञान मान्य करावे ही कौतुकाची गोष्ट होती. पण तो सरळपणा टिकला नाही. कधी शुक्र, कधी फुगा, कधी शुक्र आणि फुगा दोन्ही, असे खुलासे होत राहिले. दरम्यान ‘साइन’ची जागा फेब्रुवारी १९४९ मध्ये ‘प्रोजेक्ट ग्रज’ या नव्या कामाने घेतली, आणि त्याचा कल छाननीपेक्षा निकालात काढण्याकडे अधिक होता. जानेवारी १९५० मध्ये निवृत्त मेजर डोनाल्ड कीहो यांनी एका मासिकात लेख लिहून तबकड्या परग्रहावरून येतात आणि सरकार ते दडवते असा आरोप केला. त्या आरोपाला बळ देणाऱ्या प्रकरणांत मँटेलचे प्रकरण ठळक होते. लोकांचा तर्क साधा होता. सरकार खोटे उत्तर देते आहे हे उघड दिसते. मग खरे उत्तर भयंकरच असले पाहिजे.

या तर्काचे पूर्वपद बरोबर होते आणि उत्तरपद चूक. सरकारचे उत्तर खरोखरच चुकीचे होते, पण ते देणाऱ्याला खरे उत्तर ठाऊकच नव्हते.

मार्च १९५२ मध्ये चौकशीला ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ हे नवे नाव मिळाले. तिचे प्रमुख कॅप्टन एडवर्ड रुपेल्ट हे चिकित्सक व मोकळ्या मनाचे गृहस्थ होते. त्यांनी मँटेलचे दप्तर पुन्हा उघडले आणि हायनेक यांच्याकडून शुक्राचे गणित पुन्हा तपासून घेतले. शुक्र इतका तेजस्वी नव्हता, असे आता खुद्द हायनेकच म्हणाले. मग फुगा? साधा हवामान खात्याचा फुगा इतका मोठा, इतक्या दूरच्या गावांहून दिसणे शक्य नव्हते. पण रुपेल्ट यांना एव्हाना एका निराळ्या फुग्याची माहिती झाली होती.

अमेरिकेच्या नौदलाने १९४७ साली ‘स्कायहूक’ नावाचे फुगे सोडण्यास आरंभ केला होता. पहिला फुगा त्या वर्षीच्या सप्टेंबरात मिनेसोटा राज्यातून उडाला. ते बनवण्याचे काम मिनियापोलिसच्या जनरल मिल्स या कंपनीकडे होते. पीठ दळणारी ही कंपनी युद्धकाळापासून लष्करी यंत्रेही करू लागली होती. पॉलिथीनच्या पापुद्र्याचे हे फुगे जमिनीवरून सुटताना अर्धवट भरलेले, लोंबते दिसत. वर जावे तसतशी बाहेरच्या हवेचा दाब कमी होऊन आतला वायू पसरे आणि फुगा शंभर फूट व्यासाचा, वर गोल व खाली निमुळता असा होई. साठ हजार फुटांहून अधिक उंचीवर तो तासन्‌तास तरंगे. ऊन पडले की त्याचा पापुद्रा चांदीसारखा चमके. सूर्य कलला की त्यावर तांबूस छटा येई. विश्वकिरणांचा अभ्यास हा त्याचा एक प्रमुख उपयोग होता. परंतु अशा फुग्याला कॅमेरा बांधला तर तो शत्रूच्या मुलखावरून जाऊ शकेल हेही उघड होते. जानेवारी १९५६ मध्ये अमेरिकेने रशियावर शेकडो टेहळणी फुगे सोडले तेव्हा ते प्रत्यक्षही दिसले. १९४८ च्या आरंभी हे सारे काम गोपनीय होते. मँटेलला त्याची कल्पना नव्हती, कर्नल हिक्सना नव्हती, आणि ज्यांच्यावर चौकशी सोपवली होती त्यांनाही नव्हती.

आता जुन्या साक्षी नव्या डोळ्यांनी वाचा. पॅराशूट, शंकू, पांढरी चमक, तांबूस किनार, जागच्या जागी थांबणे, हळूहळू सरकणे, या सर्व खुणा एका वस्तूला लागू पडतात. मँटेल पंचवीस हजार फुटांवर पोचला तरी ती वस्तू त्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर होती. रिकाम्या आकाशात अंतर मोजायला झाड नसते, डोंगर नसतो. शंभर फुटांची दूरची वस्तू आणि दहा फुटांची जवळची वस्तू डोळ्याला सारखीच. तो कितीही वर गेला असता तरी ती तेवढीच दूर वाटली असती.

सर्वांत मासलेवाईक गोष्ट पुढेच आहे. रुपेल्ट यांना त्याच दप्तरात दोन टिपणे सापडली. त्याच दुपारी केंटकीतील मॅडिसनव्हिलच्या एका गृहस्थाने त्या वस्तूकडे दुर्बिणीतून पाहिले होते, आणि तो फुगा आहे असे कळवले होते. टेनेसीतील नॅशव्हिलजवळच्या एका खगोलशास्त्रज्ञानेही दुर्बिणीतून पाहून तेच सांगितले होते. उत्तर दप्तरात नोंदलेले होते, पण इतका मोठा फुगा अस्तित्वात असू शकतो हे ठाऊक नसल्यामुळे कोणी त्याला उत्तर मानले नाही. ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ ही म्हण आपण हसण्यावारी नेतो. येथे त्या वळशात चार वर्षे गेली.

रुपेल्ट यांनी वाऱ्यांच्या नोंदी पाहून फुग्याचा संभाव्य मार्ग आखला. ओहायोतील एका तळावरून तो सुटला असावा असा त्यांचा कयास होता. तळावरच्या लोकांना त्या सुमारास फुगे सोडल्याचे आठवत होते, पण नेमकी तारीख कोणी छातीठोकपणे सांगेना. आणि उड्डाणाची लेखी नोंद रुपेल्ट यांना मिळालीच नाही. नंतरच्या अभ्यासकांनी आदल्या दिवशी मिनेसोटातून सुटलेल्या फुग्याकडे बोट दाखवले आहे. म्हणून काटेकोरपणे बोलायचे तर फुग्याचा खुलासा हा सर्वांत संभवनीय खुलासा आहे, शिक्कामोर्तब झालेला नव्हे. रुपेल्ट यांनी १९५६ च्या आपल्या ग्रंथात नेमके एवढेच म्हटले, आणि त्याबद्दल आम्हांला त्यांच्याविषयी आदर वाटतो. जेवढा पुरावा तेवढेच विधान, ही इतिहासाची शिस्त एका लष्करी अधिकाऱ्याने पाळली.

वेदान्तातला दोरी आणि साप यांचा दृष्टान्त आपल्या परिचयाचा आहे. अंधारात दोरी साप भासते, दिवा आणला की भ्रम फिटतो. मँटेल प्रकरणात दिवा घरातच होता. तो एका खोलीत कुलूप लावून ठेवला होता, आणि शेजारच्या खोलीतल्या माणसांना साप हुडकायला बसवले होते.

कोणी म्हणेल, लष्कराने गुपिते राखू नयेत काय? आमचे म्हणणे तसे नाही. १९४८ सालीच बर्लिनची नाकेबंदी झाली. त्या काळात कोणतेही राष्ट्र आपली टेहळणीची साधने चव्हाट्यावर मांडणार नव्हते. पण गुपित राखणे वेगळे, आणि गुपिताची जागा भरून काढण्यासाठी घाईने दुसरे उत्तर पुढे करणे वेगळे. ‘आम्हांला ठाऊक नाही’ हे उत्तर खरे होते आणि कोणाचेही नुकसान करणारे नव्हते. शुक्राच्या उत्तराने तात्पुरते समाधान साधले आणि कायमचा विश्वास गमावला.

याची किंमत पुढे व्याजासकट द्यावी लागली. जानेवारी १९५३ मध्ये रॉबर्टसन समितीने असा सल्ला दिला की, या विषयातले लोकांचे कुतूहल कमी होईल असे प्रयत्न करावेत. तेव्हापासून ब्लू बुकचे काम शोधापेक्षा समजूत घालण्याचे अधिक झाले. मार्च १९६६ मध्ये मिशिगन राज्यात पुष्कळांनी विचित्र दिवे पाहिले, तेव्हा हायनेक यांनी त्यांतील काही दिवे दलदलीतल्या वायूचे असतील असे सांगितले. खुलासा विचार करण्यासारखा होता. पण शुक्र ऐकून कंटाळलेल्या जनतेने त्याची देशभर टर उडवली. शेवटी कोलोरॅडो विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एडवर्ड काँडन यांच्याकडे स्वतंत्र अभ्यास सोपवण्यात आला. त्यांचा अहवाल जानेवारी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात हवाई दलाने ब्लू बुक बंद केल्याचे जाहीर केले. एकूण १२,६१८ वार्ता नोंदल्या गेल्या होत्या. त्यांपैकी ७०१ अखेरपर्यंत अनोळखी राहिल्या. १९४७ च्या रॉसवेल येथील अवशेषांचे तर त्याहून नवल. ‘हवामानाचा फुगा’ म्हणून सांगितलेले ते अवशेष रशियाच्या अणुस्फोटांचा आवाज टिपणाऱ्या ‘मोगल’ या गुप्त फुग्यांच्या मालिकेतले होते, हे हवाई दलाने १९९४ साली सांगितले. तोवर सत्तेचाळीस वर्षे लोटली होती, आणि ऐकून घेण्याची पुष्कळांची इच्छाच उरली नव्हती.

या विषयाची दुसरी बाजू दाखवणारी दोन उदाहरणे आपल्या देशातच घडली आहेत. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखच्या सीमेवर आपल्या जवानांना आकाशात तेजस्वी वस्तू वारंवार दिसू लागल्या. चीनची टेहळणी विमाने असावीत असा संशय आला, आणि तो त्या जागी गैरही नव्हता. सैन्याने आपल्या नोंदी भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांपुढे ठेवल्या. शास्त्रज्ञांनी तारांच्या गतीशी त्या ताडून पाहिल्या आणि सांगितले की, हे गुरू आणि शुक्र आहेत. येथे शुक्राचे उत्तर टिकले, कारण ते नोंदींतून निघाले होते.

दुसरे उदाहरण फुग्याचे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था हैदराबादहून संशोधनासाठी प्रचंड फुगे सोडते. ते वाऱ्याबरोबर तेलंगण, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या जिल्ह्यांतही उतरू शकतात, म्हणून संस्था आधी जाहीर सूचना देते : उपकरणे आढळली तर हात लावू नका, पोलिसांना कळवा. डिसेंबर २०२२ मध्ये तेलंगणातील विकाराबाद जिल्ह्यात एका शेतात असे एक विचित्र पिंप उतरले. गावकऱ्यांची गर्दी जमली, तबकडीची चर्चाही झाली. पण खरे काय ते लगेच कळले आणि गावकरी आपापल्या कामाला लागले.

इतिहासात चौकशी समित्यांना तोटा नाही. त्यांच्या अहवालांचे मोल ठरवताना चौकशी करणारा प्रामाणिक होता का, एवढे पाहून भागत नाही. त्याच्यापुढे कोणते कागद ठेवले होते आणि कोणते ठेवले नव्हते, हेही पाहावे लागते. साइनची माणसे लबाड नव्हती, हायनेक अडाणी नव्हते. त्यांना अर्धे दप्तर देऊन पुऱ्या उत्तराची अपेक्षा केली गेली होती. आणि कॅप्टन मँटेल? तो आपल्याच राष्ट्राने सोडलेल्या एका फुग्याचा, बहुधा, पाठलाग करीत गेला. ते काय आहे हे त्याला सांगू शकेल असे कोणी त्या मनोऱ्यावर नव्हते. जे सांगू शकले असते त्यांना तो वर चढतो आहे याची वार्ताही नव्हती.